सोळा तासांच्या आत

३ सप्टेंबर, मंगळवार

साहेबांनी आज नव्या मार्गाची फाइल टेबलावर ठेवली. वरच्या ओळीतली दोन विमानतळांची नावं वाचली आणि हातातला चहा बशीत सांडला. एक विमानतळ आमचं. दुसरं तिथलं, जिथे माझा नवरा चार वर्षं राहतोय. मध्ये कुठे उतरणं नाही, विमान बदलणं नाही, थेट. जानेवारीत सुरू करायचा विचार आहे. "किती वेळ लागेल ते तुम्ही काढा, मॅडम. बाकीचं त्याच्यावर ठरेल," साहेब म्हणाले.

त्यांना यातलं काही माहीत नाही. 'नवरा बाहेर असतो' एवढंच मी ऑफिसात सांगत आलेय, आणि ते खोटंही नाही. बंदरावरच्या मोठ्या क्रेनांचा तो इंजिनिअर. दोन वर्षांसाठी म्हणून गेला, मग आणखी दोन झाली. आधी वर्षातून दोनदा यायचा. आता चौदा महिने आलेला नाही. सत्तावीस तासांचा प्रवास, दोनदा विमान बदलायचं, एका ठिकाणी तर सहा तास बाकड्यावर काढायचे. पाठ धरते म्हणतो. मी येते म्हटलं तर आईला कुणाच्या भरवशावर ठेवणार, म्हणतो. दोन्ही बरोबरच आहे.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या मटार सोलत बसल्या होत्या.

"आता सत्तावीस तास लागतात ना, आई? थेट गेलं तर सोळाच्या आसपास."

"म्हणजे अकरा तास वाचले," त्या म्हणाल्या. दोन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाल्या, "बाळ काय करणार त्या अकरा तासांचं?"

बाळ म्हणजे माझा नवरा, वय अठ्ठेचाळीस. चांगली बातमी दिली तरी सासूबाई आधी ती उलटी करून बघणार, कुठे उसवलीय का ते. मी आत जाऊन कपडे बदलले.

५ सप्टेंबर, गुरुवार

अंतर काढलं. सरळ गेलं तर तेरा हजार पाचशे साठ किलोमीटर. पण वाटेत दोन ठिकाणी विमानांना आकाश बंद आहे, वळसा घालावा लागतो. तेरा हजार सातशे ऐंशी.

घरी माळ्यावरचा जुना ग्लोब काढला आणि सासूबाईंना दोरा ताणून दाखवला. भिंतीवरच्या नकाशात जी रेघ सरळ दिसते ती लांबची असते, ग्लोबवर दोरा ताणला की खरी जवळची वाट कळते. त्यांना ते पटलं नाही, पण मजा वाटली. "एवढासाच दोरा?" असं दोनदा म्हणाल्या. नंतर बघते तर तो दोरा त्यांनी बोटाला गुंडाळून ठेवला होता.

८ सप्टेंबर, रविवार

रविवारी संध्याकाळी आठला त्याचा फोन येतो. तो आमच्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे साडेदहा. मी पाच दिवस ही बातमी पोटात ठेवली होती. सांगितल्यावर बराच वेळ काही आवाजच नाही. मला वाटलं, फोन तुटला.

"ऐकतोयस ना?"

"हो. कोण बसणार त्या विमानात? चालायचं नाही ते."

"चालेल. वेळ मीच काढतेय."

"सोळा तास म्हणजे फारच जवळ झालं," तो म्हणाला.

त्याचा स्वभावच तो. क्रेनवाला माणूस, ओझं उचलायच्या आधी दोर चारदा तपासणार. मी मनावर घेतलं नाही. नंतर म्हणाला, माझा जन्माचा मूळ दाखला पाठव, इथे कागदपत्रांसाठी लागतोय. "आई कशी आहे?" "मजेत." सासूबाई फोनवर आल्याच नाहीत. एरवी माझ्या हातातून हिसकावून घेतात. आता महिनाभर त्यांचं हेच चाललंय. विचारलं तर म्हणतात, ऐकू नीट येत नाही. शेजारच्या घरात कुणाचं भांडण झालेलं मात्र त्यांना शब्द न् शब्द ऐकू येतं.

१४ सप्टेंबर, शनिवार

ही वही एरवी कुणी वाचणार नाही, तरी माझं काम काय ते एकदा लिहून ठेवते, कारण लोकांना वाटतं तिकिटावरचा प्रवासाचा वेळ आकाशातून पडतो. तो माझ्यासारखं कुणीतरी ठरवतं. इकडे चाकांखालचे अडसर काढल्यापासून तिकडे पुन्हा लावेपर्यंत किती तास, किती मिनिटं. विमानाचा वेग माहीत असतो. वाऱ्याचं मात्र सांगता येत नाही. मग मागच्या पाच हिवाळ्यांचे वारे मांडायचे, आणि शंभरातले पंच्याऐंशी दिवस साधेल असा वेळ धरायचा. उरलेले पंधरा दिवस देवाचे. वर जी थोडी सैल जागा ठेवतो तिला ऑफिसात 'गादी' म्हणतात. गादी घातली की विमान वेळेच्या आधी पोचतं आणि प्रवासी खूश होतात. कमी घातली की शिव्या खायच्या.

एकोणीस वर्षं हे करून मला घरातही गादी घालायची सवय लागलीय. डॉक्टरची वेळ पाचची असेल तर सासूबाईंना साडेचार सांगते. त्यांना ते कधीच कळलंय. त्या पाचचा हिशेब धरून चप्पल घालतात आणि मला म्हणतात, "चल, उशीर झाला ना तुझ्या खोट्या वेळेला?"

२२ सप्टेंबर, रविवार

आज मी व्हिडिओवर बोलू या म्हटलं. तो स्वयंपाकघरात उभा होता. वजन वाढलंय, चेहरा तुकतुकीत दिसतोय. तिथलं पाणी मानवलं असेल. खिडकीला नवे पडदे, पिवळे. मी म्हटलं, तुला पिवळा रंग कधीपासून आवडायला लागला? म्हणाला, दुकानात तेवढेच होते.

आज सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "फ्रिजवर ते चित्र कुणाचं रे?" फ्रिजवर लहान मुलं काढतात तसलं चित्र होतं. एक घर, तीन माणसं, सूर्य.

"शेजाऱ्यांच्या मुलीचं," तो म्हणाला. "येते कधीकधी."

"गॅसवर काहीतरी आहे," म्हणून सासूबाई आत गेल्या. गॅसवर काही नव्हतं. चार वर्षं एकटा राहणाऱ्या माणसाकडे शेजारचं एखादं मूल येऊन चित्र काढत असेल तर मला बरंच वाटलं. आम्हाला मूल नाही. लहान मुलांत तो नेहमीच रमतो.

२ ऑक्टोबर, बुधवार

वाऱ्यांचे तक्ते आले. हवामान खात्याचे आमचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत, ऑफिसात सगळे त्यांना वारेवाले काका म्हणतात. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. त्यांनी स्वतः येऊन तक्ता दिला. "समोरून येतोय गं," म्हणाले, "हिवाळ्यात तर छाताडावरच."

वेळ काढला. जाताना सोळा तास पंचवीस मिनिटं. येताना तोच वारा पाठीवर, पंधरा तास पाच. म्हणजे मला त्याच्याकडे जायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा त्याला माझ्याकडे यायला एक तास वीस मिनिटं कमी लागतात. हे मी एका चिठोऱ्यावर लिहून थोडा वेळ बघत बसले. मग चिठोरा फाडून टाकला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

घोडं इथेच अडलं. सोळा तासांपर्यंत तीन वैमानिक चालतात. त्याच्या वर गेलं की चौथा लागतो, आणि द्यायला चौथा नाही. "सोळाच्या आत बसवा, मॅडम," साहेब म्हणाले. "नाही बसलं तर फाइल बंद. तुम्ही एवढ्या अनुभवी. बघा काही मिनिटं इकडेतिकडे होतात का."

इकडेतिकडे व्हायला मिनिटं म्हणजे खुर्च्या नव्हेत. असं मी त्यांना म्हणाले नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

केलं.

पंच्याऐंशीच्या जागी पन्नास दिवस धरले. सोळा तास सहा मिनिटं झाली. इथे जमिनीवरची वीस मिनिटं धरली होती ती बारा केली, तिकडची दहा होती ती सात. पंधरा पंचावन्न. शेवटी 'पडताळून पाहिले' असं लिहितात तिथे मी सही केली. सही नेहमीसारखीच आली.

मी स्वतःला सांगतेय ते असं. पाच हिवाळ्यांपैकी दोन फारच वाईट होते, तसे पुन्हा येतीलच असं नाही. इतर कंपन्यासुद्धा असं करतात. एकदा मार्ग सुरू झाला की पुढच्या वर्षी चौथा वैमानिक मागता येईल. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी दुसऱ्या कुणी हा कागद माझ्यासमोर ठेवला असता तर मी तो त्याच्या तोंडावर परत टाकला असता. निम्म्याहून जास्त दिवस विमान सोळाच्या वर जाणार. पुढे तीन माणसं डोळे ताणून बसलेली आणि मागे तीनशे झोपलेली.

हे फक्त इथे लिहिते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सासूबाईंना झालंय काय? मागच्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टर चाला म्हणून कानीकपाळी ओरडतायत आणि ह्या ढिम्म. आता गेला महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ पॅसेजमध्ये फेऱ्या मारतात. आज तर खुर्चीत दोन तास ताठ बसून राहिल्या, मग उठून दहा फेऱ्या, मग पुन्हा खुर्चीत. टीव्हीसुद्धा लावला नव्हता. मी म्हटलं, उशिरा का होईना, अक्कल आली.

दुसरं म्हणजे दारावरची पाटी. तिच्यावर त्याचं एकट्याचं नाव होतं. सासूबाईंनी पाटीवाल्याला बोलावून नवी करून घेतली. वर माझं नाव, खाली त्यांचं. त्याचं काढूनच टाकलं. "तो कुठे इथे राहतो?" म्हणाल्या. "पोस्टमन गोंधळतो." पोस्टमन बारा वर्षं तोच आहे. उद्या नवरा इकडे आला आणि दारावर स्वतःचं नाव दिसलं नाही तर माझ्यावरच डाफरेल.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा सासूबाईंनीच विषय काढला. विमान चालेल का? डॉक्टर म्हणाले, दोनदा विमान बदलायचं असेल तर मुळीच नाही. एका दमात जाणार असाल, मध्येमध्ये उठून चालणार असाल, तर बघू. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला एकदम भरून आलं. म्हणजे त्यांनाही जायचंय.

६ नोव्हेंबर, बुधवार

मंजूर. अठरा जानेवारीला पहिलं विमान. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि पहिल्या विमानाच्या दोन जागा मला देऊ केल्या. पेढे वाटल्यासारखा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण वारेवाले काका टाळ्या न वाजवता चष्मा पुसत उभे होते.

त्याला न कळवता जाऊन उभं राहावं असं माझ्या मनात होतं. सासूबाई म्हणाल्या, "न सांगता कुणाच्या दारात जाऊ नये."

"कुणाच्या काय, आई? घर आहे आपलं."

"तरी सांग त्याला. आणि तो काय म्हणतो ते नीट ऐक." त्या फार हळू बोलल्या, त्यामुळे मला भांडता आलं नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत काका माझ्या टेबलाशी येऊन बसले. माझा तक्ता त्यांच्या हातात होता.

"पन्नास धरलेस?"

मी डबा उघडत राहिले.

"दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी चूक समजलो असतो. तुझी चूक असूच शकत नाही, म्हणून विचारतोय. तिकडे कोण आहे तुझं?"

"माझा खाजगी प्रश्न आहे, काका."

"बरं," ते म्हणाले. "मी काही बोलणार नाही कुणाजवळ. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. जानेवारीत वारा वाहणारच आहे. तूच बोल."

मला इतका राग आला की डबा तसाच बंद केला. निवृत्तीला वर्ष उरलं की माणसांना दुसऱ्यांच्या सचोटीची काळजी लागते, असं मनात म्हटलं. आणि दिवसभर कुणाशी नीट बोलले नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

मी म्हटलं, अठरा जानेवारी, पहिलंच विमान, मी आणि आई. तो म्हणाला, "येऊ नकोस."

"रजा मिळत नाहीये का?"

"रजेचं नाही." मग म्हणाला, "मी इथे एकटा राहत नाही. दोन वर्षं झाली."

मी विचारलं, "ते चित्र तिच्या मुलीचं का?"

"हो."

"किती वर्षांची आहे?"

"सहा."

फॉर्म भरून घेत असल्यासारखी मी विचारत होते आणि तो उत्तरं देत होता. मग मी विचारलं, दोन वर्षं बोलला का नाहीस.

"तू लांब होतीस. सत्तावीस तास म्हटलं की कुणी पुढे काही विचारत नाही. तूही नाही. ठरवावंच लागत नव्हतं काही. आणि तू ते सोळावर आणलंस."

आवाजात राग नव्हता. मीच त्याच्यावर काहीतरी अन्याय केल्यासारखं बोलला. शेवटी म्हणाला, "आईला माहीत आहे. ऑगस्टमध्येच सांगितलंय मी. तिने तुला सांगावं म्हणून."

मी फोन ठेवला. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

१८ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसला गेले. काम केलं. काय केलं ते आठवत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवस मी सासूबाईंशी बोलले नाही. ताट वाढून ठेवायचे आणि खोलीत जायचे. आज त्यांनी ताट उचलून माझ्या खोलीत आणलं, दोघींचंही, एकेक करून. काठी एका हातात असल्यामुळे त्यांना दोन फेऱ्या माराव्या लागल्या. मी उठले नाही.

"मी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्याने ते माझ्या गळ्यात घालायला बघितलं. मी म्हटलं, लग्न तू केलंस, तुझ्या तोंडाने सांग. तुझा निरोप्या व्हायला मी जन्म दिला नाही तुला. बोलणंच टाकलं त्याच्याशी. वाटलं, लाजेल आणि सांगेल. दर रविवारी वाटायचं, आज सांगेल. आणि तू आपली ते विमान घेऊन बसलेली. तुला इतकी खुशीत मी कधी पाहिलीच नव्हती. कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

"आणि फेऱ्या? त्या त्याच्याकडे जायला मारत होतात ना?"

त्यांनी मान डोलावली. "एकदा समोर बसवून विचारायचं होतं त्याला. फोनवर डोळे चुकवता येतात." मग ताटातलं काहीतरी बोटाने सारखं करत म्हणाल्या, "मुलगा आहे गं माझा. बघावासाही वाटतो."

मला त्यांचा संताप आला होता. आणि त्याच वेळी काठी टेकत दोन ताटं आणणाऱ्या या बाईला मी चार दिवस एकटीनं जेवायला लावलं याची शरम वाटत होती. दोघी रडलो. मग जेवलो. भाजी गार झाली होती.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आता तो कागद. सोळा पंचवीसचं पंधरा पंचावन्न केलेला.

तो मागे घ्यायला हवा हे मला दहा ऑक्टोबरलाच माहीत होतं. मग आजच का आठवतंय? जायचं होतं तेव्हा तीन वैमानिकांची झोप मला दिसली नाही, आणि आता जायचं राहिलं तर एकदम दिसायला लागली? की त्या शहराकडे एकही विमान जाऊ नये, माझ्या हातून तर नाहीच, असं मला वाटतंय, आणि त्याला मी सचोटीचं नाव देतेय? मनाचा ठाव घ्यायचा प्रयत्न केला. लागत नाही. दोन्ही असेल. जास्त कुठलं, ते सांगता येत नाही.

काकांना विचारलं. मोघमच विचारलं, की एखाद्याने वाईट कारणासाठी बरोबर आकडा लिहिला तर? ते म्हणाले, "वाऱ्याला काय करायचंय तुझ्या कारणाशी?"

त्यांना बोलायला काय जातंय. विमान बंद पडलं तर सासूबाईंना त्यांचा मुलगा दिसणार नाही. सत्तावीस तास त्यांच्याने होणार नाहीत. वय चौऱ्याहत्तर. हेच एक विमान होतं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मी सगळं सांगितलं सासूबाईंना. पन्नास, पंच्याऐंशी, सही. त्या गणितात कच्च्या आहेत, पण एवढं कळायला गणित लागत नाही.

"मी गप्प बसले तर विमान जाईल, आई. तुम्हाला जाता येईल. मी बरोबर कुणाला तरी देईन. कदाचित काही होणारही नाही."

"आणि झालं तर?"

"तीन माणसं दमलेली असतील. चूक होऊ शकते."

"त्या तिघांना आया आहेत ना?" त्या म्हणाल्या. "त्यांना विचारून ये. त्या हो म्हणाल्या तर मी जाते."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुला काढून टाकतील का?"

"माहीत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. आज संध्याकाळी त्या पॅसेजमध्ये फिरल्या नाहीत.

२७ नोव्हेंबर, बुधवार

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "सोळा पंचवीस? आणि हे पंधरा पंचावन्न कुणी लिहिलं होतं मग?"

"मीच."

"चूक झाली म्हणा."

"चूक नव्हती, साहेब. मी मुद्दाम केलं होतं."

त्यांना ते ऐकायचं नव्हतं. चूक म्हटलं असतं तर त्यांनाही वर सांगायला सोपं गेलं असतं. अडीच महिन्यांचं काम, जाहिराती छापायला गेलेल्या, सगळं त्यांनी मला ऐकवलं आणि ते सगळं खरं होतं. फाइल बंद. लांब पल्ल्याचे मार्ग माझ्याकडून काढून घेतलेत. सोमवारपासून मी जवळची विमानं बघायची, पाऊण तासाची. चौकशी होईल ती वेगळी. बाहेर आले तर काका जिन्यापाशी उभे होते. ते माझ्याबरोबर खालपर्यंत जिने उतरले.

मोकळं वगैरे काही वाटलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

तो फोन करील असं मला वाटलं नव्हतं. आठला वाजला. मी हात पुढे केला नाही. सासूबाईंनी घेतला, ऑगस्टनंतर पहिल्यांदाच, आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला, मला ऐकू यावं म्हणून.

"आई? तू? बरी आहेस ना?"

"आहे."

"आई, हिचं मी समजू शकतो. पण तू तरी ये. तुझं तिकीट आहे ना? मी विमानतळावर येतो घ्यायला. मुलगी विचारते सारखी, आजी कशी आहे म्हणून."

सासूबाईंनी टेबलाची कड धरली. मला वाटलं, आता त्यांचा धीर सुटणार. मला हेही वाटलं, की त्यांनी मला दोष दिला तर तो मला घ्यावा लागेल.

"ते विमान होणार नाही," त्या म्हणाल्या. "हिने बंद पाडलं."

"काय? माझ्यावरच्या रागाने?"

"ते तू तिला विचार. मी विचारलेलं नाही. तिने वेळ खोटा लिहिला होता, तो खरा लिहून दिला, एवढं मला माहीत आहे. साहेबासमोर उभी राहून दिला."

सासूबाईंनी फोन जवळ ओढला.

"आता सत्तावीस तासच राहिले," त्या म्हणाल्या. "मला ते झेपायचे नाहीत. तुला झेपतील. तू ये."

"आई, लगेच कसं जमणार? इथे सगळं..."

"लगेच नको येऊस. पण ये. हिच्यासमोर बस, तिला जे सांगायचं ते तोंडाने सांग, मग खुशाल परत जा. मी तुला अडवणार नाही. नाही आलास तर मी तुला पुन्हा बघणार नाही, बाळ. मला ठाऊक आहे ते. तरी सांगतेय."

एवढं बोलून त्या उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या, पाठ करून. फोन चालूच होता. त्याचा श्वास ऐकू येत होता. मग त्याने माझं नाव घेतलं आणि विचारलं, "आई रडतेय का?"

"हो," मी म्हटलं.

तो पुढे काहीतरी बोलत होता. मी फोन तसाच टेबलावर राहू दिला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.